१५१४चा शेजारधर्म

डायनॅमिक रूटिंग म्हणजे राउटरने शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून रस्ता ठरवणे. स्टॅटिक रूटिंगमध्ये मालक रस्ता हाताने लिहून देतो आणि पुढे पूल कोसळला तरी आज्ञाधारक राउटर त्याच दिशेला माल पाठवत राहतो. पनवेलकराला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. पुण्याला जायला कळंबोलीहून एक्सप्रेसवे आहे, खोपोलीवरून जुना हायवे आहे, आणि आज घाटात काय चालले आहे हे पहाटे निघालेल्या मेव्हण्याला फोन केल्याशिवाय कळत नाही. मेव्हणा हा डायनॅमिक प्रोटोकॉलच.

राउटरांच्या अशा प्रोटोकॉलांपैकी १९८८ साली कागदावर आलेला आरआयपी वाटेतले राउटर तेवढे मोजतो, रस्त्याची रुंदी बघत नाही. पंधरापुढे त्याला पाढा येत नाही. सोळावे गाव त्याच्या लेखी नाहीच. ओएसपीएफ शहाणा आहे. त्यात प्रत्येक राउटर आपल्या एरियाचा सगळा नकाशा जवळ बाळगतो आणि डाइक्स्ट्रांच्या रीतीने सर्वांत स्वस्त वाट काढतो. एड्सगर डाइक्स्ट्रांना ही रीत १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये सुचली. होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर ते कॉफी प्यायला बसले होते. वीसेक मिनिटे लागली. कागद-पेन्सिल हाताशी नव्हते म्हणूनच ती इतकी सुटसुटीत झाली, असे ते पुढे सांगत. जॉन मॉय यांनी एप्रिल १९९८मध्ये ओएसपीएफची जी संहिता दिली ती मात्र २४४ पानांची आहे. ती सर्वांना खुली असल्यामुळे कोणत्याही कंपनीचा राउटर कोणत्याही कंपनीच्या राउटरशी बोलू शकतो. निदान त्या २४४ पानांत तरी.

नवीन पनवेलमध्ये ओएसपीएफची लॅब बहुधा वन बीएचकेच्या हॉलमध्ये, शोकेसच्या खालच्या कप्प्यात भरते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सिस्को कंपनीचा जुना राउटर हार्बर लोकलमधून मांडीवर बसून येतो. सुरू केला की घरातल्यांना मिक्सर लागल्यासारखे वाटते. शेजारी लॅटव्हियाचा चिमुकला मायक्रोटिक असतो. ज्युनिपर आणि हुवावे लॅपटॉपच्या पोटात आभासी रूपाने राहतात.

चौघांचे स्वभाव चार. सिस्को सांगितलेले तत्काळ करतो, पण सेव्ह करायला सांगितले नाही तर वीज जाताच सगळे विसरतो. ज्युनिपर सगळे निमूट लिहून घेतो आणि ‘कमिट’ म्हणेपर्यंत ढिम्म हलत नाही. मायक्रोटिक करतोही लगेच आणि लक्षातही ठेवतो, चूकसुद्धा. हुवावे सिस्कोच्याच वळणाचा, पण ‘शो’ला ‘डिस्प्ले’ म्हणतो आणि ‘नो’ला ‘अनडू’. ओएसपीएफ लावताना सिस्को आणि हुवावे सबनेट मास्क उलटा लिहितात, बनियन उलटे घातल्यासारखा. इतर दोघांकडे ही उलटापालट नसते. एरिया शून्याला ज्युनिपर शून्य, शून्य, शून्य, शून्य असे चारदा लिहितो.

ओळख ‘हॅलो’ पॅकेटने होते. राउटर दर १० सेकंदांनी हाक मारतो. ४० सेकंद हाक आली नाही की तेराव्याची वाट न बघता शेजाऱ्याचे नाव वगळतो. हे दोन्ही आकडे, एरिया, सबनेट मास्क आणि पासवर्ड जुळले पाहिजेत. राउटर आयडी मात्र जुळता कामा नये. येथवर गाडी सहसा अडत नाही.

अडते ती एमटीयूपाशी. एका पॅकेटात किती बाइट मावतात याचा हा आकडा. सिस्को तो १५०० सांगतो, ज्युनिपर १५१४. नवशिक्याला वाटते, सापडली चूक, आणि तो ज्युनिपरवर १५०० टाकतो. वास्तविक दोघे एकच माप सांगत होते: ज्युनिपर १४ बाइटांच्या इथरनेट हेडरसकट वजन करतो, सिस्को डबा बाजूला ठेवून. दुरुस्तीनंतर ज्युनिपरच्या खऱ्या मालाला १४८६ उरतात आणि १५०० सांगणारा शेजारी त्याला चालेनासा होतो. हॅलो व्यवस्थित जातात, कारण त्यांत एमटीयूचा उल्लेखच नसतो. नकाशांची देवाणघेवाण करायची वेळ आली की दोघे ‘एक्सस्टार्ट’ या अवस्थेत, जिन्यात भेटून ‘या ना घरी’ म्हणत दार न उघडणाऱ्यांसारखे, तासन् तास उभे राहतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे एकीकडे ब्रॉडकास्ट आणि दुसरीकडे पॉइंट-टू-पॉइंट. यात शेजार ‘फुल’ दिसतो, फक्त रस्ते मिळत नाहीत.

मग भरवशाचा प्रश्न येतो: एकाच गावाचा रस्ता मालकानेही सांगितला आणि ओएसपीएफनेही, तर ऐकायचे कोणाचे? जितका आकडा लहान, तितका भरवसा मोठा. सिस्कोत मालकाच्या हातच्या रस्त्याला १ आणि ओएसपीएफला ११०. म्हणजे मालकापुढे गावाचे काही चालत नाही. ज्युनिपरमध्ये ५ आणि १०, मालक थोडक्यात जिंकतो. हुवावेत मालकाला ६० आणि ओएसपीएफला १०. तेथे घरच्यापेक्षा शेजाऱ्याचे अधिक ऐकतात.

एका बाबतीत मात्र जुना सिस्को, ज्युनिपर आणि हुवावे यांचे एकमत असते. रस्त्याचा खर्च काढताना तिघेही १०० मेगाबिट हा वेग आधार धरतात आणि भाव १च्या खाली उतरू देत नाहीत, त्यामुळे १०० मेगाबिट आणि १० गिगाबिट दोन्हींचा भाव १ येतो. एक्सप्रेसवे आणि सेक्टरातली गल्ली एकाच टोलमध्ये. हा १०० मेगाबिटचा आधार तिन्ही ठिकाणी हाताने वाढवावा, ज्युनिपरच्या १५१४ला हात लावू नये, आणि सिस्कोवर ‘राइट मेमरी’ केल्याशिवाय चहाला उठू नये.