अजून जरा हवा काढतो

अमेरिकेत एडिसनमधल्या एखाद्या मराठी घराचं गॅरेज शनिवारी सकाळी उघडं दिसावं, आत बुटकी, दोन सीटांची जुनी मियाटा जॅकवर चढलेली असावी आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असावेत, तर ते पाय ऑटोक्रॉसवाल्याचे. वय चाळिशीचं, नोकरी सॉफ्टवेअरची, डिग्री मात्र सांगलीकडच्या कॉलेजातली मेकॅनिकलची. वीस वर्षं दाबून ठेवलेला मेकॅनिकल इंजिनिअर एका शनिवारी उसळून वर आला, तो परत खाली गेलाच नाही. गेला तो गाडीखाली. हाक मारलीत तर तिथूनच उत्तर येतं, "सेटिंग चाललंय."

खेळ काय, ते न विचारता कळतं. मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये नारिंगी कोन मांडून वेडीवाकडी वाट आखतात. एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी. फेरी मिनिटाच्या आत-बाहेर संपते. कोन पाडला तर दोन सेकंद दंड, वाट चुकली तर फेरी बाद. अशा पाच-सहा फेऱ्या मिळतात. बाकीचा वेळ इतरांनी पाडलेले कोन धावत जाऊन उचलायचे आणि खडूने आखलेल्या चौकटीत नीट परत ठेवायचे. पहाटे अंधारात घर सोडायचं, संध्याकाळी रापून परतायचं आणि एवढ्यात गाडी चालवायची ती पाच-सहा मिनिटं. घरातला सांडलेला पेला ज्याने कधी उचलला नाही, तो माणूस दुपारच्या उन्हात परक्यांचे कोन उचलतो. हे वहिनींचं निरीक्षण आहे, माझं नव्हे.

सुरुवात साधी असते. गाडी कंपनीतून आली तशीच, 'स्ट्रीट' क्लासात. या क्लासात शॉकअप बदलता येतात, एखादा अँटी-रोल बार बदलता येतो, टायर चांगले घालता येतात. स्प्रिंगला मात्र हात लावायचा नाही. नेमकी तीच स्प्रिंग याला रात्री झोपू देत नाही. शेवटी तो स्प्रिंगसकट येणारे कॉइलओव्हर मागवतो, गाडी दोन बोटं खाली बसवतो आणि त्याबरोबर 'स्ट्रीट टूरिंग'मध्ये जाऊन पडतो. तिथे सगळे मुरलेले. काल खालच्या क्लासात मधल्या नंबरावर असलेला हा माणूस हजारो डॉलर खर्चून वरच्या क्लासात शेवटून दुसरा येतो. आनंद मात्र खराखुरा. आता बदलण्यासारखं कितीतरी आहे!

कारण सस्पेन्शनमध्ये एक गोष्ट बदलली की दुसरी बिघडते, आणि याला हवं असतं तेच. पुढचा बार कडक केला तर गाडी वळणावर कमी कलंडते, पण फार कडक झाला की नाक वळायला नाही म्हणतं. मागचा कडक केला की शेपूट सुटते. पुढची चाकं वरून आत झुकवली, तर वळणात बाहेरच्या टायरचा तळ जमिनीला पुरता टेकतो. तीच चाकं पुढून किंचित बाहेर वळवली, की गाडी स्टिअरिंगच्या इशाऱ्यावर वळते. आणि रोज टर्नपाइकवरून ऑफिसला जाताना टायरची आतली कड खडूसारखी झिजते. माझं स्पष्ट मत आहे की याला जिंकायचंच नसतं. जिंकला तर पाना कशाला हातात घ्यायचा?

त्याचा खरा सण म्हणजे कॉर्नर बॅलन्सिंग. चार चाकांखाली चार वजनकाटे. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून, म्हणजे 'क्रॉस वेट', एकूण वजनाच्या बरोबर निम्मं यायला हवं, म्हणजे गाडी डावीकडे-उजवीकडे सारखीच वळते. जमेपर्यंत स्प्रिंगखालची चकती फिरवत राहायची. पण हे सगळं ड्रायव्हर सीटवर बसलेला असताना मोजायचं, आणि ड्रायव्हर तर खाली चकती फिरवतोय. म्हणून सीटवर बासमतीच्या वीस पौंडी पिशव्या येतात. नऊ पिशव्या, एकशेऐंशी पौंड, वर सीटबेल्ट. सांगलीहून आलेल्या आईंनी गॅरेजमध्ये डोकावून विचारलं, "अरे, तांदूळ कुठे निघालेत?" त्याच आईंनी दिवाळीत चकलीचं ताट पुढे केलं, तेव्हा हा म्हणाला, "नको, क्रॉस वेट बिघडेल." त्या आठवड्यात मंडळातल्या प्रत्येक घरी त्यांचा फोन गेला.

टायरचे लाड वेगळेच. हा चिकट रबर कडाक्याच्या थंडीला टिकत नाही, तडकतो, म्हणून डिसेंबरात चार टायर बेसमेंटमध्ये गणपतीच्या मखराशेजारी मुक्कामाला येतात. उन्हाळ्यात ते तापतात, तर त्यांच्यावर फवाऱ्याने पाणी. टायरच्या कडेला खडूची रेघ. फेरीनंतर ती किती पुसली त्यावरून टायर किती दुमडला ते कळतं. मग आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी तापमान, वहीत नोंद, आणि गुडघ्यावर बसून तो पवित्र उद्गार: "अजून जरा हवा काढतो." अर्धा पौंड. कोन पडले ते कधी हाताने नसतात, हवेने असतात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. याने अंगणाचा उतार मोजून आणलेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या बोलण्यात लिंकन येऊ लागलं होतं. नेब्रास्कातलं लिंकन, जिथे 2009 पासून सप्टेंबरात ऑटोक्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा भरत आली. त्याच सुमारास शाळेतून निवृत्त झालेल्या एक अमेरिकन बाई मैदानावर भेटल्या. त्यांची गाडी बंद पडली होती, म्हणून याने उदारपणे आपली दिली. एका गाडीवर दोन ड्रायव्हर, ही तिथली रूढच आहे. बाईंनी सीट पुढे ओढली, हेल्मेटचा पट्टा लावला, हवेबद्दल चकार शब्द काढला नाही आणि एकही कोन न पाडता याच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दोन सेकंद लवकर येऊन थांबल्या. तीच स्प्रिंग, तेच टायर, तीच हवा.

हा बराच वेळ गाडीकडे बघत उभा राहिला. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "आता तरी पटेल बहुतेक." तेवढ्यात त्याचा चेहरा उजळला. वही उघडून तो बाईंकडे गेला आणि चारचौघांत, अतिशय अदबीने त्याने विचारलं, "मॅडम, आपलं वजन किती?"