काटकसरीचा समुद्र

हरिहरेश्वरी, जेथे प्रदक्षिणामार्गावरील खडक लाटांनी युगानुयुगे विनामोबदला कोरून ठेविले आहेत, तेथील एका तरुणाने संगणकीय खेळातला समुद्र फोर-के स्पष्टतेने, आणि तोही काटकसरीने, दिसावा म्हणून जी योजना अंमलात आणिली, तिची मुक्तकंठाने प्रशंसा करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. प्रथम केवळ ग्राफिक्स कार्ड मंजूर झाले. त्यास वीज अपुरी म्हणून नवा पॉवर सप्लाय, तो मावेना म्हणून कॅबिनेट, आणि जुना पडदा 1920 बाय 1080 चाच निघाल्याने नवा मॉनिटर, अशी ती काटकसर वाढत वाढत पोफळीच्या वाडीच्या सालाबादच्या उत्पन्नाशी जाऊन भिडली. इतके होऊनही फोर-के पडद्याचे सुमारे 83 लक्ष ठिपके रंगविणे कार्डास झेपेना. सबब ते चतुर्थांश ठिपके स्वतः रंगवून बाकीचे अदमासाने भरते. नजरअंदाज आणेवारीची ही पद्धत महसूल खात्यास अपरिचित नाही. खारी हवा यंत्रास बाधते, म्हणून खिडकी कायमची बंद करण्यात आली; तीतून खरा समुद्र फुकट दिसत असे, हा जमाखर्चातील एकमेव दोषही त्यायोगे दूर झाला. भरतीच्या वेळी प्रदक्षिणेस मज्जाव असतो. भाविकांनी तेवढा वेळ या पडद्यासमोर रांग लावावी.