डोईजड

स्वस्तातल्या हेडफोनविषयी मत विचारलं की माणसं आवाजाबद्दल बोलतात. बेस कसा आहे, आवाज किती मोठा होतो, वरचे सूर फाटतात का. डोक्याबद्दल कोणी बोलत नाही. वास्तविक दोन्ही कान झाकणारी ती मोठी वस्तू बसते डोक्यावर, आवळते डोक्याला, आणि तासाभराने तक्रार सुरू होते तीही डोक्याचीच. माझं म्हणणं असं, की हजार-बाराशे रुपयांचा हेडफोन घ्यायला जाताना कान घरी राहिले तरी चालतील, डोकं मात्र बरोबर न्यावं. (हा सल्ला इतर खरेदीलाही लागू पडतो, पण तो विषय आमच्या घरात सध्या नको.)

आवाजाबाबत मी एवढी निर्धास्त झाले ती येरून ब्रेबार्ट या संशोधकामुळे. त्यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा निबंध छापला. कोणता हेडफोन खालचे, मधले आणि वरचे स्वर किती प्रमाणात वाजवतो याचे आलेख त्यांनी किमतींशेजारी ठेवून पाहिले. दोन्हींचा काही संबंध लागला नाही. म्हणजे स्वस्तातला सगळा माल चांगला असं नव्हे. महागातलाही तितकाच वाईट निघू शकतो, एवढाच दिलासा. पण मध्यमवर्गीय माणसाला यापेक्षा मोठा दिलासा लागतोच कुठे?

मग जास्तीचे पैसे जातात तरी कुठे? बिजागरीत, पट्टीच्या आतल्या स्पंजात, कानावरच्या गादीत, बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या यंत्रणेत, आणि नावात. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवाचून माझं काही अडत नाही. पहिल्या तीन गोष्टी मात्र आवाजाच्या नसून आरामाच्या आहेत, आणि दुकानात नेमकी त्यांचीच परीक्षा होत नाही.

दुकान म्हणजे पुण्यात तापकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड. गल्लीत टेम्पो मागे घेणं चाललेलं असतं, शेजारच्या दुकानात कोणीतरी स्पीकर तपासून घेत असतो. काउंटरवरचा मुलगा स्वतःच्या मोबाइलला वायर जोडतो, ढोलाचं एखादं रिमिक्स लावतो, आवाज शेवटच्या काडीपर्यंत चढवतो आणि म्हणतो, "काकू, बेस बघा. एकदम कडक." कडक तर असणारच. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच आलेख काढून दाखवलं होतं, की आवाज लहान केला की माणसाच्या कानाला खालचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात आणि आवाज चढवला की ते परत येतात. त्या मुलाने हा निबंध वाचलेला नसावा, पण त्याचा अंगठा बरोबर त्याच दिशेने चालतो. मोठ्या आवाजात जगातला कुठलाही हेडफोन भरदार वाटतो.

म्हणून मी आवाज निम्म्यावर आणायला सांगते. "मग ऐकणार काय?" असं तो म्हणत नाही, नुसता तसा बघतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. त्यातला बराचसा वाटा तापकीर गल्लीत हेडफोन न लावताच संपत असावा.

निम्म्या आवाजात मी गाणं लावत नाही, तानपुरा लावते. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतंच. काळी चार लावली की षड्ज साधारण २०८ हर्ट्झवर येतो आणि खर्जाची तार १०४ वर. स्वस्तातल्या हेडफोनचा फुगवटा बहुधा इथेच असतो, कारण बेस विकला जातो तो इथलाच. फुगवटा असला की खर्ज घूं घूं करत बाकीच्या तिन्ही तारांच्या अंगावर रेलून बसतो आणि जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, ऐकू येईनाशी होते. जवारी गेली की तानपुऱ्यात उरलं काय? सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं आहे. साध्या तारेचा नियम असा, की जिथे तार छेडली त्या जागी ज्या उपस्वराला मुळी हालचालच नसते, तो उपस्वर वाजू नये. तानपुऱ्याच्या रुंद, बाकदार घोडीवर हा नियम मोडतो आणि न वाजायचा तो उपस्वर ठणठणीत वाजतो. मिरजेचे कारागीर ही किमया रामन यांच्याही आधीपासून घोडी घासून आणि तारेखाली एक सुती दोरा सरकवून करत आले आहेत. इतक्या लोकांनी इतक्या खटपटीने मिळवलेला तो झणकार हेडफोनने टिकवला, तर माझ्या लेखी तो पास. वर डग्ग्याची मींड ऐकावी. घुमारा वरून खाली सरकताना कळला पाहिजे. नुसताच धप्प आवाज आला तर वायर काढून परत द्यावी.

एक सवलतही सांगून ठेवते. तुमचं ऐकणं मुख्यतः जुन्या तबकड्यांचं असेल, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांचं, तर एवढी चिकित्साही नको. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या काळात तबकडीत वरचे उपस्वर फारसे शिरतच नसत. जे आत गेलंच नाही ते पन्नास हजारांच्या हेडफोनमधूनही बाहेर येणार नाही.

झाली आवाजाची परीक्षा. पाच मिनिटांचं काम. शिवाय आवाज थोडा उणा असला तरी कान सांभाळून घेतो. आमचा भाचा सांगतो, "मावशी, पहिले पन्नास तास तो नुसता वाजवत ठेव, मग आवाज खुलतो." खुलतो हे खरं आहे, फक्त हेडफोनचा नव्हे. मधल्या काळात गाद्या थोड्या दबतात, कानावर नीट टेकतात, आणि ऐकणाऱ्याला त्या आवाजाची सवय होते. आठवडाभराने हाच आवाज मूळचा वाटू लागतो आणि दुसऱ्याचा हेडफोन विचित्र वाटतो.

डोकं इतकं समजूतदार नाही. नवी कोल्हापुरी दुकानाच्या गालिच्यावर दोन पावलं चालताना चावत नाही, लक्ष्मी रोडच्या निम्म्यात चावते, तसंच याचं. हेडफोन चढवल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सगळे हेडफोन मऊच असतात. मग पट्टी टाळूवर एका ठिकाणी टोचू लागते. मग कानाच्या पाळीचं वरचं टोक आतल्या जाळीला टेकतं, कारण गादीचं भोक मोठं असलं तरी खोल नसतं. मग जबड्याच्या मुळाशी एक ठणका लागतो, आणि माणूस ऐकता ऐकता कारण नसताना चिडतो. अशा वेळी गायकाला नावं ठेवली जातात. कित्येक चांगल्या मैफलींबद्दल वाईट मत होण्याचं कारण स्पंजाची जाडी हे असू शकेल.

त्यातून माझ्यासारखीच्या डोक्याला रिकामी जागाच नाही. चष्मा आहे, कानात कुड्या आहेत, मागे केसांचा आंबाडा आहे. पट्टी मध्यावर ठेवली तर आंबाड्याला पुढे ढकलते, पुढे घेतली तर कपाळावर येते आणि मी शस्त्रक्रियेच्या तयारीत असल्यासारखी दिसते. कुडीचा मळसूत्री फिरका गादीखाली दाबला गेला की मानेला तो अर्ध्या तासात सापडतो. आणि चष्मा! चष्म्याच्या काडीने गादी कानामागे एका ठिकाणी जराशी उचलली जाते. दिसायला फट केसाएवढी, पण तिच्यातून सगळ्यात आधी निसटतो तो बेस, कारण खालचे स्वर कोंडून धरायला गादीची बैठक घट्ट लागते. म्हणजे ज्या बेससाठी दुकानातल्या मुलाने एवढी मेहनत घेतली, तो माझ्या चष्म्याच्या काडीवरून गळून जातो. फुगवटा असलेला हेडफोन चष्म्यासकट घातला तर खर्ज जागेवर येतो, हेही मी पाहिलं आहे. आराम एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असं लोक समजतात. तसं ते नाही.

आवळणं कमी करायला एक जुना उपाय आहे: हेडफोन रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवायचा. आमच्या घरी या कामाला दिवाळी अंक उत्तम पडतात. पुरेसे जाड अंक एकावर एक ठेवले की गठ्ठा जवळपास डोक्याएवढा होतो. पट्टीत आत पत्रा असेल तर ती सकाळी सैल होते. नुसतं प्लास्टिक असेल तर सकाळी तिचे दोन तुकडे होण्याची शक्यता असते, तेव्हा आधी वाकवून अंदाज घ्यावा.

वजनही हातात धरून कळत नाही. सोनीने १९७९ मध्ये वॉकमन काढला तेव्हा त्याच्याबरोबर पन्नासेक ग्रॅमचा हेडफोन दिला होता. त्याआधीचे तीनशे-चारशे ग्रॅमचे असत. आज कान झाकणारा स्वस्त हेडफोन दोनशे ते अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. अडीचशे ग्रॅम म्हणजे पावशेर भेंडी. भेंडी घेताना आपण प्रत्येक शेंडा मोडून बघतो आणि तेवढंच वजन तीन-तीन तास डोक्यावर घ्यायचं, तर खोक्यावरचं चित्र बघून घेतो.

आता स्वयंपाकघराकडे वळते. माझं ऐकणं मुख्यतः तिथेच होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. हेडफोनचा जन्मच तिथला आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटामध्ये नेथॅनिएल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि नौदलाला पाठवले. नौदलाला ते पसंत पडले, मागणी वाढली, तेव्हा एका वेळी मोजकेच देता येतील असं त्यांनी कळवलं, कारण कारखाना म्हणजे ते स्वयंपाकघरच. त्या काळात घरात जेवणाचं काय होत होतं, हे इतिहासकारांनी नोंदवायला हवं होतं.

स्वयंपाकघरात बसून बघितलं की हेडफोनच्या गुणदोषांची यादी उलटी होते. बाहेरचा आवाज धड अडत नाही, ही स्वस्त हेडफोनबद्दलची कायमची तक्रार. मला ती मान्य नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. दुधाकडे कान ठेवायचा असतो. दाराची बेल, गॅस सिलिंडरवाला, आणि आतल्या खोलीतून "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" हा प्रश्न, हे सगळं यमनच्या आलापातून गाळून माझ्यापर्यंत पोचावं लागतं. (शेवटचं नाही पोचलं तरी चालेल, पण ते पोचतंच.) सेनहायझरने १९६८ मध्ये मुद्दाम मागून उघडा हेडफोन काढला होता, कोंडलेला आवाज नको म्हणून. माझ्या हेडफोनची गळती मुद्दामची नसली तरी उपयोग तोच होतो. गोंगाट संपूर्ण बंद करणारा महाग हेडफोन मुलाने एकदा मला घालून दिला होता. अप्रतिम शांतता. डाळ करपली.

राहता राहिला आपला पाऊस. गाद्यांवरचं ते काळं, चामड्यासारखं दिसणारं आवरण चामडं नसतं. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. दमट हवा आणि घाम यांनी तो थर हळूहळू खराब होत जातो. कोरड्या गावात तो जास्त टिकतो, मुंबईत आणि कोकणात लवकर सुटतो. मग त्याचे पोपडे कानावर, गालावर, चष्म्याच्या काडीवर चिकटतात, आणि भाजीवाली विचारते, "ताई, काजळ पसरलं का?" आत स्पंज धडधाकट, आवाज उत्तम, वायर शाबूत, आणि निव्वळ त्वचारोगापायी हेडफोन कचऱ्यात जातो. कंपन्यांनी हजार रुपयांच्या मालात दुसरं काही नाही दिलं तरी चालेल, पण सुट्या गाद्या विकाव्यात. बदलता येणारी गादी आहे का, हा प्रश्न मी दुकानात हल्ली बेसच्या आधी विचारते.

सध्याच्या हेडफोनवर मी जुन्या सुती साडीच्या पदराच्या खोळी शिवल्या आहेत, आत बारीक इलॅस्टिक घालून. घाम टिपला जातो, पोपडे आतल्या आत राहतात, कानाला थंड वाटतं. कापडातून हवा जाते म्हणून खर्ज थोडा उतरला आहे, आणि चष्म्यामुळे आणखी थोडा. तानपुऱ्यावर तपासून पाहिलं, जवारी स्वच्छ ऐकू येते. तेव्हा निकाल असा: आवाजाला दहापैकी साडेसहा, आरामाला खोळ धरून सात, खोळीशिवाय चार. पैसे वसूल.

वाचकांना विनंती एवढीच, की बाहेरून नव्वद मिलिमीटर मापाच्या, गोल, कापडी गाद्या पुण्यात कुठे सुट्या मिळत असतील तर जरूर कळवा. काळ्याच हव्यात असं नाही.