रजाधिराज

सुट्टीत मामाच्या गावाला जाणं हा मराठी मुलांचा वंशपरंपरागत हक्क आहे. मामाने कुठल्या गावी राहावं, यावर मात्र त्यांचं काही चालत नाही. आमचे मामा सिहोऱ्याला राहत. जबलपूरहून कटनीकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरवर हे तहसिलीचं गाव लागतं. आमराई, विहीर, बैलगाडी यांतलं मामांकडे काहीही नव्हतं. होती ती खाणींकडून येणारी लाल धूळ, खिशात कांदा ठेवल्याशिवाय बाहेर पडू नये अशी लू, आणि मागच्या खिडकीत दिवसभर घरघरणारा कूलर. वर्गातली मुलं मे महिन्यात कोकणात उतरत तेव्हा आम्ही खंडवा, इटारसी करत उन्हाच्या पोटात शिरत असू. तरी तक्रार नसे. कारण इतरांचे मामा भाचरं आली तरी कचेरीत जात. आमचे मामा रजेवर असत.

रजेवर असणं हा मामांचा खरा पेशा. नोकरी हा जोडधंदा. ती जबलपूरच्या एका फॅक्टरीत होती. जबलपुरात फॅक्टरी म्हटल्यावर ‘साबणाची का बिस्किटांची?’ असं कुणी विचारत नाही. १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाल्यापासून तिथे फॅक्टरी म्हणजे तोफा, दारूगोळा, नाहीतर लष्करी ट्रक. मामांचा या सगळ्या संहाराशी संबंध फक्त कागदापुरता. ते आस्थापना विभागात रजेच्या टेबलावर बसत. सकाळच्या शटलने जायचं, संध्याकाळच्या शटलने परतायचं, असं त्यांनी पस्तीसेक वर्षं ‘अप-डाऊन’ केलं आणि त्या काळात शेकडो माणसांना रजेवर पाठवलं.

त्यामुळे नियम तोंडपाठ. १ जानेवारीला पंधरा दिवस आणि १ जुलैला पंधरा दिवस अर्जित रजा खात्यात जमा होते. ती तीनशे दिवसांपर्यंत साठवता येते. निवृत्त होताना उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात. अख्खी फॅक्टरी या तीनशे दिवसांवर डोळा ठेवून जगत होती. कुणाच्या मुलीचं लग्न त्यात होतं, कुणाच्या घराचा वरचा मजला. ताप आला तरी माणसं कामावर येऊन खोकत. मामा मात्र जमा झालेली रजा त्याच वर्षी संपवत. “रजा काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला?” असं ते म्हणत. मामी यावर फक्त बघत. मामींच्या या बघण्याला पुढे फार महत्त्व येणार आहे.

रजेत उपयोगाचं काही करायचं नाही, हा मामांचा पहिला नियम. ‘घरी आहात तर पंपाचं तेवढं बघा’ असं मामी म्हणाल्या की ते शांतपणे सांगत, “मी रजेवर आहे. पंप बघणं हे कर्तव्य आहे. रजेवरच्या माणसाला कर्तव्यावर बोलवायचं तर लेखी आदेश लागतो.” सहकारी एल.टी.सी. घेऊन कन्याकुमारीला जात, पोट बिघडवून परत येत आणि फोटो दाखवत. मामांच्या मते हे सरकारी खर्चाने दमणं होतं. ज्याला विश्रांती म्हणतात ती सिहोऱ्यात, सतरंजीवर, टीव्हीसमोरच मिळते.

पण रिकामं लोळणाऱ्यांपैकी ते नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. मामांची रजा त्यांच्या नोकरीपेक्षा कडक असे. दाराच्या आतल्या बाजूला टाचणीने वेळापत्रक लावलेलं असे: दहा ते बारा व्हिडिओ गेम, मग जेवण, दोन ते चार टीव्ही, पुढे चहा आणि चर्चा. आमची हजेरी होई. सव्वादहाला उगवणाऱ्याचा हाफ डे लागे, म्हणजे त्याला रिमोट दुपारनंतर. पाणी प्यायला उठायचं तर ‘शॉर्ट लीव्ह’. माझी धाकटी बहीण एकदा खेळता खेळता झोपली, तर तिच्या नावापुढे ‘कामावर असताना निद्रिस्त’ असा शेरा पडला. तो तिने अजून मनात धरला आहे.

व्हिडिओ गेमचं यंत्र त्यांनी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणलं होतं. जपानी यंत्राची ती कुठल्याशा कंपनीने केलेली नक्कल. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं. प्रत्यक्षात दहा-बारा खेळ निघायचे आणि पुढे तेच नाव बदलून येत राहायचे. कुणी दुसरा असता तर दुकानदाराशी भांडला असता. मामांना त्यात आस्थापना विभागाचीच रीत दिसली. “मंजूर पदं आणि भरलेली पदं, यांत फरक असतो बड्डे,” ते म्हणाले. (जबलपूरकडे लहानथोर सगळेच ‘बड्डे’. मामा मराठीत बोलत, पण ती मराठी ‘आधी सुनून तर घे’ अशा वळणाची. पुण्यात आल्यावर आईने ती आमच्या तोंडून काढायला जून खर्ची घातला.) कॉन्ट्रा खेळताना सुरुवातीला एका ठरावीक क्रमाने बटणं दाबली की तीनऐवजी तीस जीव मिळतात, हे आम्ही शाळेत शिकून आलो होतो. मामांनी ते वापरू दिलं नाही. “सत्तावीस जादा माणसं? मंजुरी कुणाची?”

टीव्हीचं त्यांना वेड होतं आणि टीव्हीबाबतची मतं जबलपुरी होती. तिथे पूर्वी बनणाऱ्या लष्करी ट्रकचं नाव शक्तिमान. १९९७ च्या सप्टेंबरात त्याच नावाचा वीर दूरदर्शनवर आला आणि जागच्या जागी गरगर फिरू लागला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मोठ्या भक्तीने बघत बसलो असता मामांनी निदान केलं, “गिअरबॉक्स गेलाय.”

त्याच वर्षीची मेमधली गोष्ट मामी अजून सांगतात. २२ मेच्या पहाटे, साडेचार वाजायला काही मिनिटं असताना, जबलपूरला भूकंप झाला. शहरात घरं पडली, माणसं गेली. इकडे फडताळातली भांडी खाली आली तशी मामींनी दोन मुलांना दोन काखोट्यांना मारलं आणि अंगण गाठलं. पाठोपाठ मामा आले, छातीशी टीव्ही धरून. मामींनी नुसतं बघितलं. मामा म्हणाले, “मुलांना पाय आहेत. याला नाहीत.” पुढे बरेच दिवस सगळे अंगणातच झोपत होते. टीव्हीला वेगळी मच्छरदाणी होती.

मात्र मामांची खरी प्रतिभा फुलली ती वीज गेल्यावर. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजघरं त्यांच्या वाट्याला गेली आणि मध्य प्रदेशाच्या नशिबी अंधार आला. वीज, रस्ते, पाणी या तीन शब्दांवर २००३ साली तिथलं सरकार पडलं, एवढा तो अंधार गडद होता. पुढच्याच मेमध्ये आम्ही कॉन्ट्राच्या धबधब्यापर्यंत पोहोचलो आणि बत्ती गोल झाली. मुलं उठायला लागली. अंधारातून आवाज आला, “बसा! मशीन बंद पडलंय. शिफ्ट सुटलेली नाही.”

मग मामा सांगू लागले: तुम्ही चौघं धबधब्यापाशी उभे आहात. धबधबा भेडाघाटचा. पलीकडे खडकावर एक माणूस बसलाय आणि तो तुमच्याकडे बघतोय. काय करता? दादा म्हणाला, गोळी घालतो. मामांनी मेणबत्ती लावली, सापशिडीचा फासा पुढे सरकवला. “टाक. चारच्या वर आलं तर लागली.” दोन आलं. “नाही लागली. तो नावाडी होता. आता तो तुम्हाला पलीकडे सोडणार नाही.”

त्या रात्री वीज आली तेव्हा कुणी यंत्र चालू केलं नाही. दुसऱ्या दिवशी तर आम्ही बत्ती गोल व्हायची वाट बघत होतो, आणि तिने निराश केलं नाही.

मोहीम एकच होती. मदन महालच्या टेकडीवर गोंड राजाने नऊ लाखांचं धन आणि सोन्याच्या दोन विटा पुरून ठेवल्या आहेत, अशी जबलपुरात जुनी आख्यायिका आहे. त्या विटा काढायच्या. पण मामांच्या जगात नुसतं शौर्य असून चालत नसे. प्रत्येक वीराचं सर्व्हिस बुक असे: नाव, श्रेणी, शस्त्र, रजेचा हिशेब. तलवार हवी तर तीन प्रतींत मागणीपत्र. गुहेत शिरायला गेट पास. माझा योद्धा तिसऱ्या दिवशी अजगराने गिळला. मी रडकुंडीला आलो, तर मामांनी त्याच्या मुलाला अनुकंपा तत्त्वावर घेतलं. पण खालच्या श्रेणीत आणि तलवारीऐवजी लाठी देऊन. “सोय होते बड्डे, बापाची खुर्ची मिळत नाही.”

माझ्या मामेबहिणीने दूरदर्शनवरची ‘चंद्रकांता’ १९९४ पासून डोळ्यांत साठवलेली. ती ऐयार झाली. वेष पालटून कुणाचंही रूप घ्यायचं, हे तिचं काम. शेवटच्या दाराशी राक्षस होता. आमच्यात त्याच्याशी लढायची ताकद नव्हती. तिने राक्षसाच्या वरिष्ठाचं रूप घेतलं, वहीचं पान फाडलं आणि त्याला पंधरा दिवसांची अर्जित रजा मंजूर केली. मामांनी मेणबत्तीजवळ कागद धरून वाचला. उलटून पाहिला. राक्षसाचं खातं तपासलं. बिचाऱ्याने कित्येक शतकांत एक रजा घेतलेली नव्हती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “अर्ज बरोबर आहे.” आणि राक्षस गेला. विटा पुढ्यात होत्या. स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, “उचला, उचला. उद्या ऑडिट आलं की कळेल.” मामांचा चेहरा पडला. विटा आजही तिथेच आहेत.

पुढे माझा मावसभाऊ अमेरिकेहून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची जाडजूड पुस्तकं आणि वीस पैलूंचा फासा घेऊन आला. तोंडी सांगत, कागदावर खेळायचा हा खेळ १९७४ पासून चालू आहे, हे ऐकून मामा जरा दुखावले. पण खेळ काढणाऱ्या दोघांपैकी गॅरी गायगॅक्स पूर्वी विमा कंपनीत कामाला होता, असं कळलं तेव्हा ते खुलले. “म्हणूनच तक्ते नीट आखलेत.” रात्रभर त्यांनी पुस्तक चाळलं आणि सकाळी एकच हरकत नोंदवली. त्यात मेलेला वीर मंत्राने परत जिवंत करता येतो. “मेलेला माणूस पुन्हा कामावर? मग त्याच्या पेन्शनचं काय? आणि मुलाला लावून घेतलंय, त्याला काढायचं?” भावाकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, गायगॅक्सकडेही नसावं.

रिकामपणाची मामांना लाज कधीच वाटली नाही. कुणी टोकलं तर ते स्नूकरचा दाखला देत. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत पावसाळ्यात अडकलेले गोरे अधिकारी कंटाळले आणि नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकाने बिलियर्डच्या टेबलावर आणखी रंगीत चेंडू टाकून नवा खेळ काढला. (पुढे त्याच नावाचा पंतप्रधान झाला तो निराळा.) “पाऊस नसता तर ती माणसं कामं करत बसली असती. जगाला काय मिळालं असतं?” मामींनी या प्रश्नाचं उत्तर मनातच ठेवलं.

२०२० साली मात्र मामा हादरले. टाळेबंदी आली आणि अर्ज न करता घरी बसायची वेळ आली. खात्यातून एकही दिवस वजा होत नव्हता. ही रजा नव्हती, मग होतं काय? २८ मार्चला दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा सुरू केलं, तर मामा पँट-शर्ट घालून, खिशाला पेन लावून बघायला बसले. आपण ड्यूटीवर आहोत, एवढं तरी स्पष्ट असावं. त्याच दिवसांत नातवंडांनी त्यांना फोनवर पबजी शिकवला. जिंकणाऱ्याला त्यात ‘चिकन डिनर’ मिळतं. मामा दत्तभक्त. गुरुवारी ते न चुकता दुसरे येत. २ सप्टेंबरला सरकारने पबजीवर बंदी घातली आणि वर्षभरात मामाही निवृत्त झाले.

बरोबरीच्या माणसांना तीनशे दिवसांच्या रजेचे पैसे मिळाले. मामांच्या खात्यात सतरा दिवस निघाले. मामींनी चेक हातात घेतला, उलटसुलट केला आणि बघितलं. त्या बघण्यात वरचा मजला होता, गच्ची होती, जिना होता.

पण खरी अडचण मामांची झाली. रजा घ्यायला नोकरीच उरली नव्हती. टीव्ही होता, नवं यंत्र मुलाने आणून दिलं होतं, वीजही आता जात नव्हती. पण मामा खेळायला बसत आणि पाच मिनिटांत उठत. रोजच मोकळं असलेल्या माणसाने मोकळं व्हायचं कशातून? शेवटी त्यांनीच तोड काढली. मामींच्या हाताखाली ते रुजू झाले. गहू निवडणं, पंप, दूधवाल्याचा हिशेब, कूलरचं पाणी, अशी कामं नेमून घेतली. आणि मे आला, घरात मुलं जमली, की रीतसर अर्ज.

गेल्या मेमध्ये मी माझ्या मुलांना घेऊन गेलो होतो. मामांचा अर्ज डब्याखाली ठेवलेला होता: महोदया, घरगुती कारणास्तव पंधरा दिवसांची अर्जित रजा मिळावी, ही विनंती. आत सतरंजीवर मुलं फासे मांडून बसली होती. दुपारी मामींनी लाल पेनाने शेरा मारून कागद परत केला. मामांनी तो चष्मा लावून मोठ्याने वाचला: “अर्जदार रजेवर असतानाही घरीच असतो व ड्यूटीवर असतानाही घरीच असतो. सबब दोहोंतील फरक लेखी स्पष्ट करावा. तोपर्यंत गहू निवडावेत.”

मामांनी कागद पुन्हा एकदा वाचला. पस्तीस वर्षं रजेच्या टेबलावर काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दाद उमटली. “शेरा नियमाला धरून आहे,” ते म्हणाले, परात पुढे ओढली आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडले, “बड्डे, राक्षसाला जरा बसवून ठेवा. साहेबांनी अडकवलंय!”