ऐकलं नसशीलच!

एखादा माणूस तुम्हाला गाणं सुचवतो, तेव्हा ते तुम्हाला आवडावं असं त्याला वाटतं, असा एक भाबडा समज आहे. ज्यांचा असेल त्यांनी कोकणातल्या नाटे गावी जाऊन अप्पांना भेटावं. अप्पांना तुमच्याकडून एकच अपेक्षा असते : तुम्ही ते ऐकलेलं नसावं.

अप्पा निवृत्त होऊन मुंबईहून गावी आले ते लोखंडी ट्रंका भरून रेकॉर्डी घेऊन. टेम्पोवाल्यांनी भांडी समजून त्या उचलल्या आणि भांडी एवढी जड असतात का, म्हणून परत खाली ठेवल्या. अप्पांच्या हिशेबी जगात संगीत झालं ते १९६८ ते १९७३ या काळात. आधी लोक चाली लावत होते, नंतर पैसे मोजत होते. त्यातही हार्ड रॉक नाहीतर प्रोग्रेसिव्ह, आणि त्यातही ज्याची तेव्हा कुणी दखल घेतली नाही ते.

परीक्षा ओटीवरच होते. "काय ऐकतोस तू?" डीप पर्पल म्हणालात, की नाडी हाती लागलेल्या वैद्यासारखे अप्पा हसतात. "असू दे. या वयात होतं." लेड झेपेलिन म्हणालात तर कोकम सरबतसुद्धा लांबतं. मग ते उठतात, ट्रंक उघडतात आणि पाठमोरेच म्हणतात, "लीफ हाउंड. ऐकलं नसशीलच."

'ग्रोअर्स ऑफ मशरूम', १९७१. डेक्कानं ती काढली तोवर बँड मोडलासुद्धा होता. मूळ प्रतीला आज हजारो पौंड मोजतात. अप्पांची प्रत अर्थात नंतरच्या आवृत्तीची, पण ती हाताळताना त्यांचं सोवळं बघावं. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, दोन तळव्यांच्या मध्ये कडेनं धरलेली तबकडी, ट्यूबलाइटखाली तिरकी करून चरा शोधणं. पावसाळ्यात कव्हरवर बुरशी धरली तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "नावाला जागली हो."

सुई टेकली, की अप्पा बोट वर करतात : "आता ऐक." आणि स्वतः बोलायला लागतात. हा बास ऐक, आता गिटार कशी आत शिरते बघ, इथे दुसरा कुणी असता तर थांबला असता. सगळं गाणं त्यांच्या आवाजाखाली वाजून जातं. असली शिफारस करणारे मी पुण्यात पाहिलेत, ठाण्यात पाहिलेत. एकानंही कधी गप्प बसून गाणं ऐकू दिलेलं नाही.

टी टू नावाच्या बँडची १९७० ची रेकॉर्ड आहे. तिची दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं, एकवीस मिनिटांचं. ड्रम वाजवतो तोच गातो. जुलैच्या पावसात अप्पांनी ते लावलं आणि ऐन रंगात लाईट गेली. सूर खर्जात उतरत उतरत बसले. अप्पांनी काळोखात उरलेलं गाणं तोंडानं पुरं केलं, ड्रमसकट. उठायची सोय नव्हती, कारण कंदील त्यांच्या पलीकडे होता.

साखरी नाट्याचा एक नाखवा सुरमई द्यायला आला होता. अप्पांनी त्यालाही सोडलं नाही. हाय टाइड नावाचा बँड, १९६९ ची 'सी शँटीज'; समुद्राचं आहे, तुला कळेल, म्हणून त्याला खुर्चीत बसवलं. व्हायोलिन आणि गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. बऱ्याच वेळानं नाखव्यानं नम्रपणे विचारलं, "काका, हिला ओहोटी कधी लागते?"

खरे जोडीदार दोनच. खाडीपलीकडच्या जैतापूरचे एक मास्तर आणि राजापूरला बदलून आलेला एक बँकवाला. मास्तरांना लीफ हाउंड मनापासून आवडली. भाचाही गुणगुणतो, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. अप्पांचा चेहरा पडला. "बरी आहे तशी," ते म्हणाले, "पण आता जरा लोकांत गेलीय." लोक म्हणजे मास्तर आणि भाचा.

त्या दिवशी मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. "लंडन सोडा. आपल्या देशात सिगारेट कंपनीनं सिमला बीट नावाची बँडची स्पर्धा भरवली, तिच्या ७० आणि ७१ च्या रेकॉर्डी निघाल्या, माहितेय? मुंबईचा अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट? त्यांची गाणी २०११ साली अमेरिकेतल्या कंपनीनं पुन्हा काढली, तेव्हा जगाला जाग आली. त्यात काही काळ आपला मराठी माणूस गात होता. नंदू भेंडे. ऐकलं नसशीलच!"

काकू आंबोळ्या घेऊन बाहेर येत होत्या. "अगोबाई, आत्माराम भेंड्यांचा नंदू? 'झोपी गेलेला जागा झाला'वाल्यांचा? 'तीन पैशाचा तमाशा'त होता की तो! पुलंच्या."

"जब्बार पटेलांनी बसवलेलं," मास्तर म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर साल."

"आमच्या आईनं पाहिलंय," बँकवाला म्हणाला.

अ‍ॅलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये नंदूनं जूडास गायला होता, हे सांगायचं अप्पांच्या ओठांवर होतं. पण घरातलाच निघालेल्या माणसाबद्दल काय सांगणार? त्यांनी रेकॉर्ड मुकाट्यानं ट्रंकेत ठेवली, तळाशी हात घातला आणि एक कव्हर अर्धवट वर काढलं.

"जपानी चालेल?" विचारलं त्यांनी मास्तरांना, पण बघत होते काकूंकडे.