हा मासा तळायचा नाही

बोर्ली पंचतनच्या बाजारात मासा कसा बघावा हे कुणाला शिकवावं लागत नाही. कल्ला उचलून आतला रंग लालभडक आहे ना ते पाहायचं, डोळा टपोरा आणि चकचकीत आहे ना ते पाहायचं, पाठीवर बोट दाबून खळगा भरून येतो का ते पाहायचं, आणि मग भाव ऐकून पाटीकडे पाठ फिरवायची. दोन पावलांत मावशी हाक मारतेच. भरडखोलचं आणि दिघीचं म्हावरं बघत वाढलेल्या या पंचक्रोशीत ही परीक्षा शाळेत न गेलेल्यालाही येते. अडचण एवढीच, की ही सगळी विद्या मासा मेल्यानंतर सुरू होते. जिवंत मासा आजारी आहे की धडधाकट, हे ओळखायची पाळी इथं सहसा कुणावर येत नाही.

ती काचेच्या टाकीमुळे येते. दिवेआगरला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या बोर्लीतून जातात. त्यांतल्या दोन-चार आपल्या दारात वळाव्यात म्हणून, समजा, राहण्या-जेवणाची घरगुती सोय करणाऱ्या एखाद्या गृहस्थांनी ओटीवर खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय मांडलं. 60 लिटरची टाकी, तळाला वाळू, चार दगड, क्लाउनफिशची जोडी आणि एक लालपांढरी क्लीनर कोळंबी. 2003 च्या 'फाइंडिंग निमो' चित्रपटानंतर क्लाउनफिश ओळखत नाही असं पोर पुण्या-मुंबईत उरलेलं नाही, त्यामुळे हिशेब चुकीचा नव्हता. क्रॉफर्ड मार्केटातून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, एसटीत मांडीवर बसून, घाटावळणं सोसत मासे बोर्लीत उतरतात. कोळंबीची किंमत मात्र यजमान घरात सांगत नाहीत. तेवढ्यात बाजारातून अख्ख्या घराला दोन दिवस पुरेल इतकी कोळंबी आली असती.

पहिला वाद पाण्यावरून होतो. समुद्र जेमतेम चार-पाच किलोमीटरवर असताना हे गृहस्थ मुंबईहून मिठाची पिशवी का आणतात, हे आळीत कुणालाच पटत नाही. "पाणीच खारं हवं ना? मग दोन हंडे आणा की भरून!" सल्ला अगदीच वेडगळ नाही. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर समुद्रासमोरच उभं राहिलं, ते काही केवळ देखाव्यासाठी नव्हे. पण तिथं पाणी गाळण्याची, साठवण्याची सोय होती; इथं दोन हंडे आहेत. खुल्या समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात खाड्या भरभरून वाहू लागल्या की किनाऱ्यालगतचा हा आकडा खाली येतो आणि पाण्यात गाळ उतरतो. शिवाय हंड्यातून नुसतं पाणी येत नाही. त्या पाण्याचे रहिवासीही बिनतिकीट येतात.

"मग घरातलं मीठ घाला," हा दुसरा सल्ला. पेण-उरणच्या मिठागरांचा जिल्हा, त्यामुळे मिठाबद्दल प्रत्येकाला अधिकारवाणीनं बोलता येतं. पण मिठागरात मीठ पिकतं तेव्हा मॅग्नेशियमचा मोठा भाग मागे राहिलेल्या पाण्यात निघून जातो आणि हाती उरतं ते बहुतांश सोडियम क्लोराइड. मत्स्यालयाच्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम मापानं घातलेलं असतं. 60 लिटरला ते दोन किलोंहून थोडं जास्त लागतं. वहिनी डबा उघडून बघतात आणि विचारतात, "याचं लोणचं टिकेल का?"

टाकीतलं पाणी आटतं, तेव्हा खरी गंमत होते. वाफ पाण्याची होते, मीठ खालीच राहतं, म्हणून वर गोडं पाणी घालायचं असतं. पण समुद्राच्या माशाला गोडं पाणी घालायला मन धजत नाही. यजमान शहरात गेले की मागे राहिलेले सासरेबुवा मायेनं तांब्या-तांब्यानं खारं पाणी ओततात, आणि आठवड्याभरात टाकीचा खारटपणा चढू लागतो. बरं, समुद्रातला मासा सतत पाणी पितो. बाहेरचं पाणी त्याच्या अंगातल्या पाण्यापेक्षा खारट, त्यामुळे त्याच्या शरीरातून पाणी कायम बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला तो पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. नदीतल्या माशाचं नेमकं उलट. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, म्हणून तो जवळपास पीतच नाही. म्हणजे चोवीस तास पाण्यात राहून तहानलेला असा हा ओटीवरचा पाहुणा, आणि त्याचं पिण्याचं पाणी सासरेबुवा रोज थोडं थोडं खारवतात.

अशात एका सकाळी मासा दगडाला अंग घासताना दिसतो. "खेळतोय," घर म्हणतं. दुसऱ्या दिवशी कल्ले भराभर हलू लागतात. "दमलाय." तिसऱ्या दिवशी परांवर आणि अंगावर पांढरे ठिपके उमटतात, मिठाचे दाणे चिकटावेत तसे. आता मात्र सासरेबुवा चष्मा पुसून निदान करतात: "खारवायला घेतलाय काय?"

ठिपक्यांच्या मालकाचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. एकपेशीय, अंगभर सूक्ष्म केस असलेला परजीवी. तो माशाच्या कातडीवर बसत नाही, वरच्या थराखाली शिरून राहतो. म्हणून पाण्यातलं औषध तिथवर पोचत नाही आणि पुसून तो निघत नाही. तीन ते सात दिवस खाऊनपिऊन गुबगुबीत झाला की आपणहून गळून पडतो. ठिपके नाहीसे होतात. नेमक्या याच दिवसांत घरात जो काही उपाय चालू असेल त्याला यश मिळतं. लसूण चालू असेल तर लसणानं गुण येतो, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं असेल तर नारळ फुटतो. तिकडे वाळूत पडलेला परजीवी स्वतःभोवती कवच करून आत विभागत असतो. एकेका कवचातून दोनशेपर्यंत पिल्लं सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

अरबी समुद्रात त्यांना मासा सापडणं मुश्कील असतं. तिथं एका ठिपक्याची पिल्लं पाण्यात उधळली जातात आणि बहुतेक सगळी उपाशी मरतात, त्यामुळे समुद्रातला मासा एखाददुसरा ठिपका अंगावर वागवत आयुष्य काढतो. 60 लिटरच्या टाकीत पिल्लू कुठंही निघालं तरी मासा हातभर अंतरावर. नारळ फुटल्यानंतर आठवड्याभरानं ठिपके परततात ते दसपटीनं, आणि मग घरात सल्लागार मंडळ भरतं.

लसणाचा आग्रह आत्याबाईंचा. यावर शहाण्यांनी हसू नये. अमेरिकेतले हौशी लोकही माशांचं खाणं लसणाच्या रसात भिजवतात. वासानं रुसलेला मासा कधीकधी तोंड उघडतो म्हणतात. परजीवीचं त्यानं काही वाकडं होतं असा पुरावा मात्र नाही. बोर्लीत या उपायाला अडचण वेगळीच आहे. माशाला लसूण लावला की घरातल्या सगळ्यांचे हात सवयीनं हळद-तिखटाकडे वळतात.

"त्या कोळंबीला साफ करू द्या, क्लीनर ना ती?" हा शहरातून आलेल्या भाच्याचा सल्ला. क्लीनर कोळंबी आणि क्लीनर रास हा मासा खरोखरच इतर माशांच्या अंगावरचे जीव टिपून खातात. समुद्रात त्यासाठी मासे ठरावीक जागी येऊन थांबतात. पण कातडीखाली दडलेला हा भाडेकरू त्यांच्या हाती लागत नाही.

शेजारच्या काकांचा सल्ला तांब्याचा. "रात्रभर तांब्याच्या भांड्यातलं पाणी माणसाला चालतं, तर माशाला का नाही?" गंमत म्हणजे काकांचं औषध बरोबर आहे, फक्त माप नाही. या रोगावरचा जुना आणि खात्रीचा उपाय तांबंच; ते कातडीखालच्याला नाही, पण पाण्यात सुटलेल्या पिल्लांना गाठतं. पाण्यात ते लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम ठेवायचं, दोन-तीन आठवडे, रोज मोजून. कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा जातो. हंड्यातून किती उतरलं हे हंडा सांगत नाही. आणि मासा सोसतो तेवढं तांबं कोळंबी, शंख, प्रवाळ यांना सोसत नाही. काकांनी प्रेमानं आणलेला एक हंडा टाकीत रिता झाला असता, तर ती महागडी कोळंबी आधी गेली असती.

दुसरी वाट खारटपणा उतरवण्याची. लिटरमागे 15 ग्रॅमच्या आसपास आणून काही आठवडे तिथंच ठेवला तर परजीवीला जमत नाही, माशाला जमतं. त्याला उलट पाणी पिण्याचे कष्ट कमी पडतात. म्हणजे सासरेबुवांनी इतके दिवस चुकीच्या दिशेनं केलेला प्रयोग उलटा करायचा. कोळंबीला मात्र हेही चालत नाही.

मग माशांना हलवायला हवं. दवाखाना उघडतो न्हाणीघरात. निळा प्लास्टिकचा टब, हवेचा पंप, स्पंज, आणि माशांना लपायला प्लंबरनं टाकून दिलेला पाइपाचा तुकडा. वाळू नाही, दगड नाहीत, कारण ते तांबं शोषून घेतात. गावातल्या पशुवैद्यांना गाय, बैल, शेळी विचारावी; दोन इंची रुग्णासाठी तज्ज्ञ शोधायचे तर रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय गाठावं लागतं, आणि तिथवर मासा न्यायचा म्हणजे पुन्हा एसटी. तेव्हा यजमान स्वतःच डॉक्टर, वहिनी परिचारिका, आणि आंघोळीला निघालेलं सगळं घर प्रतीक्षा यादीवर.

टबात नवं दुखणं असतं अमोनियाचं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. मुरलेल्या टाकीत जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टबात ती नसते, म्हणून पाणी सारखं बदलायचं. घरगुती टाक्यांतले कितीतरी मासे ज्याला 'रोग' म्हणतात त्यानं मरतच नाहीत, ते या अमोनियानं मरतात. ओटीवरच्या टाकीत पाहुण्यांची मुलं शेव टाकतात, मोठे चकलीचा तुकडा टाकून बघतात. गणपतीच्या आधी घर झाडायला काढलं की टाकीही निघते. फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरिनच्या पाण्यात पिळून लख्ख होतो, जिवाणू धुऊन जातात आणि आरतीच्या दिवसांत मासे कडेला तरंगत धापा टाकतात.

वीज गेली तर वेगळीच तऱ्हा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढे कित्येक दिवस, काही गावांत कित्येक आठवडे, अंधार होता. पंप बंद म्हणजे टाकीतला प्राणवायू संपत जाणार. अशा वेळी करायचं काय, ते विजेच्या आधीच लंडनमध्ये ठरून गेलं आहे. 1846 मध्ये ॲना थिन या पाद्र्याच्या पत्नीनं समुद्रातले प्रवाळ घरी आणून जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी रोज बराच वेळ या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. छंद बाईचा, खांदे मोलकरणीचे. बोर्लीत मोलकरीण नसते, तेव्हा तांब्या वहिनींच्या हाती येतो आणि संसारातली बरीच जुनी थकबाकी त्या ओतण्याबरोबर बाहेर पडते.

एवढं करून जोडीतली मादी गेलीच, तर क्लाउनफिशच्या घरात एक अजब सोय आहे. हे मासे आधी नर म्हणून वाढतात. जोडीतला थोरला तो मादी होतो. ती गेली की मागे राहिलेला नर हळूहळू स्वतः मादी होतो आणि त्याला नवा, लहान जोडीदार चालतो. वहिनींना हे सांगितल्यापासून त्या यजमानांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात.

मासे टबात गेल्यावर मोठ्या टाकीला पथ्य लागतं. कवचातून पिल्लं बाहेर पडायला बहुधा आठवडाभर लागतो, पण सगळ्यात उशिराची नोंद 72 दिवसांची आहे. तेवढे दिवस टाकीत एकही मासा नको. जून-जुलैची मासेमारीबंदी 61 दिवसांची, त्यावर मासेमार कुरकुरतात. ही त्याहून लांब. दिवा जळतो, पंप चालतो, वीजबिल येतं आणि उजळलेल्या पाण्यात एकटी कोळंबी मिशा हलवत फिरते. पाहुणे वाकून वाकून मासे शोधतात. "निदान समुद्रघोडा तरी ठेवा," कुणी सुचवतं. समुद्रघोडे आणि प्रवाळ 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. ते ओटीवर ठेवले तर पाहुण्यांआधी वनखातं येईल. 2017 मध्ये तर केंद्राच्या नियमांत क्लाउनफिशसकट 158 जातींच्या प्रदर्शनावर बंदी आली होती. पुढे ते नियम मागे घेतले गेले, पण त्या थोड्या काळात शेखाडीच्या कातळावर फिरून शिंपले वेचणारेही दचकून मागे बघत असतील.

पंगत बसते. पुण्याचे पाहुणे पाटावर टेकतात आणि रिवाजाप्रमाणे विचारतात, "मासे कसे आहेत आज?"

नुकतेच न्हाणीघरातून हात पुसत बाहेर आलेले यजमान खुलतात. "कालपासून बरे आहेत! ठिपके सगळे गेले. एकाची धाप अजून थोडी आहे, पण सकाळी खाल्लं त्यानं. तांबं अजून चार दिवस चालू ठेवतो."

पाहुणे एकमेकांकडे बघतात.

"वहिनी," त्यांतले वडीलधारे म्हणतात, "वालाची उसळ असेल ना हो?"