वांगं अडवलं, ढेप विसरलो

गेल्या हिवाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या एका गोठ्यात उभा होतो. गोठेवाल्या मावशींनी म्हशीपुढे घमेलं सरकवलं. त्यात भिजवलेली ढेप होती, सरकीची. सरकी म्हणजे कापसाचं बी, आणि आपल्याकडचा कापूस जवळपास सगळा बीटी, म्हणजे जनुक बदललेला. जीएम अन्न देशात येऊ द्यायचं की नाही यावर आपण वीस वर्षं भांडतोय. ते तिथं घमेल्यात होतं, म्हैस ते मिटक्या मारत खात होती, आणि तिच्याच दुधाचा चहा माझ्या हातात होता.

चहा मी प्यायलो. पुन्हाही पिईन. माझी तक्रार चहाबद्दल नाही.

बीटी वांग्याचं काय झालं ते आठवा. 14 ऑक्टोबर 2009 ला केंद्राच्या समितीनं त्याला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सही करण्याआधी सात शहरांत लोकांना बोलावलं. त्यात आपलं नागपूरही होतं. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, कंपनीची माणसं, सगळे एका मांडवात आले, आरडाओरडा झाला, आणि 9 फेब्रुवारी 2010 ला वांग्याला स्थगिती मिळाली. त्या निर्णयाबद्दल आजही दोन मतं आहेत. पण तुमच्या ताटात हे वाढू का, असं सरकारनं लोकांना जाहीरपणे विचारल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. त्यासाठी त्या मंत्र्याला मी मानतो.

सरकीबद्दल असं कुणी विचारलं नाही. बीटी कापसाला मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली, ती धाग्याचं पीक म्हणून. कापूस कोण खातं? पण विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की जिनिंगमध्ये रुई एकीकडे पडते आणि सरकी दुसरीकडे. सरकी ऑईल मिलला जाते. तिथून तेल निघतं, ते शेव-चिवड्याच्या कढईत, वनस्पती तुपात आणि तेलाच्या पिशव्यांत जातं. उरते ती ढेप, ती गोठ्यात जाते. धाग्याचं म्हणून आलेलं पीक असं पहिल्याच हंगामात स्वयंपाकघरात शिरलं. देशात तेव्हा अन्नसुरक्षेचं वेगळं प्राधिकरणसुद्धा नव्हतं. त्याचा कायदा झाला 2006 साली.

आता न्यायाचं बोलतो. बीटीचं जनुक ज्या जिवाणूतून घेतलं, तो मातीतला आहे, त्याची पावडर सेंद्रिय शेतीतही फवारतात. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणजे बदललेल्या जनुकाची खूण त्यात फारशी राहत नाही. ढेपेत प्रथिन असतं, पण ते जनावराच्या पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं. परवानगीआधी कर्नालच्या डेअरी संशोधन संस्थेत दुभत्या गाईंना ही सरकी खाऊ घालून पाहिलं होतं. सरकीच्या तेलानं कर्करोग होतो असे निरोप फोनवरून फिरवणाऱ्यांनी ते थांबवावेत. त्याला आधार नाही, आणि अशा निरोपांमुळे खरा प्रश्न विचारणाऱ्यालाही वेड्यात काढलं जातं.

खरा प्रश्न हा आहे की आपल्याला सांगितलं का नाही? 1 जानेवारी 2013 पासून देशात नियम आहे: पाकिटातल्या खाद्यपदार्थात जनुक बदललेला घटक असेल तर दर्शनी भागावर, वरच्या बाजूला 'जीएम' अशी अक्षरं हवीत. माझ्या स्वयंपाकघरातल्या तेलाच्या पिशव्या मी आजवर उलटसुलट करून वाचत आलोय. जीवनसत्त्व किती ते असतं, हृदयाचं चित्र असतं, ही दोन अक्षरं एकदाही दिसली नाहीत. आपलं निम्मं शहर ज्या सोयाबीन तेलात तळतं, ते मोठ्या प्रमाणात अर्जेंटिना आणि ब्राझीलहून येतं. तिथलं सोयाबीन जवळपास सगळं जीएम आहे. मग ती अक्षरं कुठं गेली?

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं 2018 मध्ये बाजारातून 65 पदार्थ उचलून तपासले. 21 मध्ये जीएम सापडलं. त्यात लहान मुलांचं अन्न होतं आणि सरकीचं तेलही. बहुतेकांच्या पाकिटावर त्याचा उल्लेख नव्हता. काहींनी तर आमच्यात जीएम नाही असं छापलं होतं. हे काम सरकारी प्रयोगशाळांचं होतं, ते एका स्वयंसेवी संस्थेनं केलं. त्यानंतर 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नियमांचा मसुदा काढला, 2022 मध्ये तो सुधारून पुन्हा काढला. मसुदे काढण्यात कसूर नाही.

आता मला सगळ्यात जास्त खुपतं ते सांगतो. 10 जून 2019 ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात हजारावर शेतकरी जमले आणि शेतकरी संघटनेच्या पुढाकारानं त्यांनी एचटीबीटी कापूस पेरला. हे वाण तणनाशकाला दाद देत नाही. शेतात ग्लायफोसेट फवारा, तण जळतं, पऱ्हाटी उभी राहते. देशात त्याला परवानगी नाही, म्हणून खेड्यात त्याला 'चोर बीटी' म्हणतात. त्या शेतकऱ्यांवर माझा राग नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, पाऊस लागला की डवराही चालत नाही. त्यांनी उन्हात उभं राहून, पोलिसांसमोर, तोंड न लपवता पेरलं.

पण त्या कापसाची सरकी कुठे जाते? त्याच जिनिंगला, त्याच मिलला, त्याच कढईत. ढिगात चोर बीटी कोणता आणि परवान्याचा कोणता हे जिनिंगवाल्याला कळणार कसं? कर्नालच्या गाईंनी खाल्ली ती ही सरकी नव्हे. खाण्यासाठी म्हणून या वाणाला आपल्याकडे कुणीच मान्यता दिलेली नाही. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 मध्ये 'बहुधा कर्करोगजनक' ठरवलं, केंद्रानं 2022 मध्ये त्याच्या वापरावर बंधनं आणली, आणि ते ज्या पिकावर पडतं त्याचं बी आपण खातोय. दरवर्षी मेच्या शेवटी कृषी विभाग धाडी घालतो, बियाण्याची पाकिटं जप्त होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. पेरणी तरीही होते. मग हिवाळ्यात त्या सरकीचं तेल तपासलं, अशी बातमी माझ्या वाचनात आजवर आलेली नाही. शेतकऱ्याच्या दारात जाणारा निरीक्षक मिलच्या दारात का जात नाही?

अडवलेल्या वांग्याचंही ऐका. 2019 मध्ये हरियाणातल्या फतेहाबादला ते शेतात उभं सापडलं. शेजारी बांगलादेशात तर 2014 पासून शेतकरी उघड लावतात. आणि साधं वांगं आपल्याकडे शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीपायी इतकं फवारलं जातं की पिकवणारे कितीतरी जण घरच्यासाठी दोन झाडं वेगळी, बिनफवाऱ्याची ठेवतात. स्थगिती मिळाल्यावर फटाके फोडणाऱ्यांपैकी किती जण त्या फवाऱ्याच्या मागे लागले?

सोयीप्रमाणे तत्त्व वाकवणं सरकारलाही जमतं. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला 10 हजारांच्या आसपास होतं. कोंबडीवाले ओरडले, आणि केंद्रानं 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ज्या शेतकऱ्याला जीएम सोयाबीन पेरायला बंदी, त्याचाच भाव पाडायला परदेशातलं जीएम चाललं. सुरक्षित असेल तर त्यालाही पेरू द्या. नसेल तर कोंबडीला कशाला?

क्लोन जनावरांचंही असंच, गिऱ्हाईकाला न सांगता होणार, अशी मला भीती आहे. क्लोन केलेलं जनावर महाग, ते कुणी कापत नाही. त्याची पिल्लं मात्र बाजारात येतात. अमेरिकेच्या अन्न खात्यानं 2008 मध्ये क्लोन गाई, डुकरं, शेळ्यांचं मांस-दूध सुरक्षित म्हटलं. दोनच वर्षांनी ब्रिटनमध्ये क्लोन गाईच्या वासराचं मांस खाल्लं गेल्याचं उघड झालं, तेही खाऊन झाल्यावर. आपल्याकडे कर्नालला 2009 मध्ये गरिमा ही क्लोन रेडी जन्मली, 2023 मध्ये गंगा ही गीर कालवड. त्या शास्त्रज्ञांचं मला कौतुक आहे. पण अशा म्हशीच्या लेकीचं दूध उद्या डेअरीच्या टाकीत पडलं तर गिऱ्हाईकाला कळेल का, हे आजच ठरवा.

त्या दिवशी हे सगळं मी गोठ्यात मावशींना सांगत बसलो. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. हात धुतले, पदराला पुसले, रिकामं घमेलं उचललं आणि म्हणाल्या, "भाऊ, थे सारं खरं असन. पन ढेपेच्या पोत्यावर तं कायीच लिवलं नसते. मंग मी म्हशीले काय देऊ?"